मास्तरीणबाईंचा उजवा पाय

मास्तरीणबाईंचा उजवा पाय त्यांच्या कह्यात नव्हता. बाकी सगळं होतं. घर, गाडी, ड्रायव्हिंग स्कूल, शिकायला येणारी यच्चयावत मंडळी, सगळं बाईंच्या मुठीत. हा एक पाय मात्र कुणाला भीक घालायचा नाही. सिनेमात हिरोची गाडी वळणावर आली की बाईंचा पाय पुढच्या खुर्चीच्या पाठीत. बसमध्ये बसल्या की पाय असा रोवलेला, जणू बस त्याच थांबवणार आहेत. एकदा दाढ काढायला गेल्या, तर दातांच्या डॉक्टरांनी पक्कड पुढे आणताच बाईंनी खुर्चीची पाय ठेवायची फळी मोडून ठेवली. दाढ राहिली तशीच.

पण त्यांना तरी नावं कशी ठेवायची? उभा जन्म त्या शिकवणाऱ्याच्या सीटवर बसल्या होत्या. शिकवायच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शिकवणाऱ्याच्या. स्टिअरिंग, गिअर, हॉर्न सगळं शिकणाऱ्याच्या हातात, आणि आपल्या हाती काय, तर एवढा एक ब्रेक. त्या एका ब्रेकवर बाईंनी कितीतरी भिंती, खांब, गायी आणि माणसं वाचवली होती. टायरच्या दुकानाच्या माडीवर त्यांची एक खोली होती. भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, आणि टेबलाला ठोकलेलं एक जुनं स्टिअरिंग. नवा माणूस आला की आधी त्यावर हात बसवायचा. नवरा लवकर गेला, तेव्हापासून बाईंनी त्या खोलीवर आणि त्या गाडीवर घर चालवलं आणि मुलगी वाढवली.

मुलीला सगळे चिमणी म्हणायचे. जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून चिमणी. पुढे ती चांगली भरभक्कम झाली, पण नाव काही वाढलं नाही. तीही आता स्कूलमध्येच शिकवायची. शांतपणे शिकवायची, आणि आईसारखी ओरडायची नाही, म्हणून मंडळी गपचूप तिच्याच वेळा मागून घ्यायची. बाईंना ते कळायचं. त्या कळलं नाही असं दाखवायच्या.

आता या घरातली एक जुनी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. चिमणी अठराची झाली तेव्हा आईनेच तिला गाडी शिकवली. पाण्याच्या टाकीजवळ एक चढ आहे, तिथे गाडी मध्येच थांबवून, मागे न घसरू देता पुन्हा वर न्यायची, ही परीक्षेतली खरी मेख. भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी तिथे पळतं. चिमणीची गाडी मात्र पहिल्या दिवसापासून इंचभर मागे गेली नाही. पोरगी हुशार निघाली म्हणून बाई सांगत सुटल्या. परीक्षेच्या दिवशी बाईंच्या सीटवर परीक्षक बसला, दोन्ही पाय जवळ घेऊन. चिमणीने चढावर झोकात गाडी थांबवली, झोकात सोडली, आणि गाडी सुळ्ळकन मागे जाऊन परीक्षकाच्याच स्कूटरवर आदळली.

कारण उघड होतं. इतके दिवस बाई आपल्या बाजूचा ब्रेक हळूच दाबून धरत होत्या. लेकीला कळू न देता. पोर घाबरू नये म्हणून! आणि पोरीला वाटत होतं, गाडी आपणच धरलीय.

तेव्हापासून घरात आईने कशात नाक खुपसलं की चिमणी म्हणायची, "आईने पाय ठेवला." साडी बदलून आणली, पाय ठेवला. मैत्रिणीला परस्पर फोन केला, पाय ठेवला. बाईही हसायच्या. जावईसुद्धा त्यात सामील झाले. जावईबापू ग्रंथपाल होते, चिमणीकडेच गाडी शिकायला आले होते, तीनदा नापास झाले आणि तिसऱ्यांदा नापास झाल्यावर त्यांनी तिला लग्नाचं विचारलं. म्हणाले, शिकवणी तरी मध्येच तुटणार नाही.

लग्नाला चार वर्षं झाली, मूल होईना. चिमणीची पाळी आधीपासूनच लहरी, दोन-दोन महिने यायची नाही आणि आली की थांबायची नाही. त्याचं औषध घ्यावं म्हणून ती गेली, डॉक्टरांनी आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला, आणि निदान आलं गर्भाशयाच्या कॅन्सरचं.

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई काटकुळ्या, चष्मा कपाळावर चढवलेला. समोर तिघं बसलेले. चिमणी मध्ये, एका बाजूला जावई, एका बाजूला आई.

"हे बघा," डॉक्टर आपल्या पांढऱ्या कोटाची कड उलटून म्हणाल्या, "कोटाला जसं आतून अस्तर असतं, तसं गर्भाशयाला असतं. तुमचा आजार अस्तरात आहे. एमआरआयमध्ये तो भिंतीत उतरलेला दिसत नाही, बाकी कुठे गेलेला दिसत नाही. जातही सौम्य आहे. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे गर्भाशय काढून टाकणं."

"मग काढा!" बाईंनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. त्याच क्षणी त्यांचा उजवा पाय टेबलाच्या पायावर बसला आणि पेनांचा डबा खडखडत खाली गेला.

"मला मूल हवंय," चिमणी म्हणाली. हळू म्हणाली, पण पेनं उचलायला वाकलेल्या जावयांनाही ते ऐकू गेलं.

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "दुसरा रस्ता आहे. सगळ्यांसाठी नसतो, पण आजार अगदी सुरुवातीचा असेल तर विचार करता येतो. गर्भाशय ठेवायचं. हार्मोनच्या गोळ्या घ्यायच्या आणि तेच औषध हळूहळू सोडणारं एक इवलंसं साधन आत बसवायचं. वजन उतरवायचं. दर तीन महिन्यांनी भूल देऊन दुर्बिणीने आत बघायचं, तुकडा तपासायचा. चौघींपैकी साधारण तिघींचा आजार हटतो. पण काहींना तो परत येतो. म्हणून हटला की मुलासाठी वेळ दवडायचा नाही, आणि मूल झालं की गर्भाशय काढायचं."

"आणि नाही हटला तर?" बाईंनी विचारलं.

"वर्षभरात नाही हटला किंवा मध्येच पुढे सरकला, तर तिथे थांबायचं आणि ऑपरेशन करायचं. तिथे मी घासाघीस ऐकणार नाही. हा रस्ता खात्रीचा नाही, हे मी आत्ताच सांगतेय."

"मला चालेल," चिमणी म्हणाली.

"मला नाही चालणार!" बाई म्हणाल्या.

बाहेरच्या लांब बोळात मायलेकींची जी जुंपली, ती आजूबाजूच्या बाकांवरच्या मंडळींनी आपापली दुखणी विसरून ऐकली.

"अगं, तू हवीयस मला! नातवंडाचं काय घेऊन बसलीयस? शेजारी ढीगभर पोरं आहेत, दिवसभर खेळव."

"शेजारची नकोयत मला."

"घरात आजार ठेवून कुणी मुलाचा विचार करतं का? काढ, फेक, मोकळी हो. जावईबापू, तुम्ही तरी सांगा हिला!"

जावईबापूंनी दोघींकडे पाहिलं. "आई, ती नसली तर मला मूल नको. पण ती म्हणतेय ते तिचं आहे. मी तिच्या बाजूला बसणार."

"बसा!" बाई म्हणाल्या. "तुम्हाला तेवढंच येतं." बोलल्या आणि लगेच त्यांना वाईट वाटलं, कारण माणूस गरीब होता आणि डोळे भरून आले होते त्याचे.

उपचार सुरू झाले. गोळ्यांनी भूक अशी खवळायची की चिमणी दुपारी दोन घास जास्त खाऊन मग रडायची. "गोळ्या म्हणतात खा, डॉक्टर म्हणतात खाऊ नको. मी ऐकू कुणाचं?" मग तिने गाडीच सोडली. म्हणजे शिकवायची गाडीतच, पण घरून स्कूलला पायी, स्कूलवरून घरी पायी, आणि संध्याकाळी टाकीचा चढ दोनदा पायी. ड्रायव्हिंगची मास्तरीण रस्त्याने घामाघूम होऊन चाललेली बघून शिकणारी मंडळी गाडी हळू करून विचारायची, "मॅडम, गाडी बंद पडली?" ती म्हणायची, "गाडी नाही. मी सुरू झालेय."

बाई वरवर गप्प होत्या. लेकीच्या डब्यात काकडी चिरून द्यायच्या, तिच्याबरोबर अर्धा चढ चढायच्या आणि धाप लागली की टाकीच्या कट्ट्यावर बसून राहायच्या. पण जिवाला घोर. रात्री नीट झोप नाही, दिवसा नीट घास नाही. लेकीच्या पोटात तो आजार जिवंत बसलाय आणि आपण काकड्या चिरतोय, या विचाराने त्यांच्या अंगाची लाहीलाही व्हायची.

पहिली तपासणी झाली. आजार कमी झाला होता, पण होता. डॉक्टर म्हणाल्या, "इतक्यात असंच असतं. उतार आहे. पुढे चालू ठेवू."

बाईंनी त्यातलं एकच ऐकलं. होता.

दुसऱ्या दिवशी लेक चढावर गेलेली असताना बाईंनी स्कूलमधून हॉस्पिटलला फोन लावला. मायलेकींचे आवाज सारखेच, फोनवर तर शिकणारी मंडळी कायम गफलत करायची. बाईंनी लेकीचं नाव सांगितलं, लेकीचा नंबर सांगितला आणि लेकीच्या आवाजात म्हणाल्या, "माझा विचार बदललाय. मला ऑपरेशनची तारीख हवीय." फोन ठेवला तेव्हा बरं वाटत होतं. चार दिवस समजावू, रडू, पाया पडू, आणि तारीख हातात असली की पोरगी ऐकेल. त्यांचा हिशोब एवढा साधा होता.

पण हॉस्पिटलातल्या तारखा देणाऱ्या बाई कामाला चोख. त्यांनी उलट फोन केला तो चिमणीच्या मोबाइलवर. "तुम्ही काल मागितली होती ना, ती तारीख मिळालीय. डॉक्टरांना भेटून सही करून जा."

चिमणीने शांतपणे तारीख नको म्हणून सांगितलं. मग ती स्कूलच्या खोलीत आली, टेबलावरच्या खोट्या स्टिअरिंगला लटकलेल्या एका आजोबांना उद्या यायला सांगितलं आणि आईला म्हणाली, "चल, एक फेरी मारू."

बाई आपल्या सीटवर बसल्या. लेकीने गाडी टाकीच्या चढावर घातली आणि ऐन मध्यावर थांबवली. हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं.

"आई, पाय ठेवलास."

या वेळी कुणीच हसलं नाही.

"मी अठराची होते तेव्हा स्कूटर मोडली, तेवढ्यावर भागलं. आता माझं अंग आहे ते! तू चोरून ब्रेक दाबलास की गाडी कोण चालवतंय तेच मला कळत नाही. तेव्हाही कळलं नव्हतं."

"मग काय करू मी?" बाईंचा बांध फुटला. "हातावर हात ठेवून बघत बसू? तू गेलीस तर मी कुणाकडे बघू? तुझे बाबा गेले तेव्हा तू होतीस. तू गेलीस की कोण आहे मला? भीती वाटते गं मला! रोज त्या कट्ट्यावर बसून पावलं मोजते मी, तू त्या चढावरून खाली येईपर्यंत!"

"मलाही वाटते," चिमणी म्हणाली. "तुला काय वाटलं, मी शूर आहे? तपासणीच्या आदल्या दिवशी मला घास उतरत नाही. पण ब्रेक आहे आई. डॉक्टरांच्या पायाशी आहे, उघड्यावर आहे, मला दिसतो. दर तीन महिन्यांनी त्या बघणार. पुढे सरकलं तर मी स्वतः सांगेन, काढा. तुझी वाट बघणार नाही. आणि मूल झालं तरी त्यानंतर काढायचंच आहे, तो शब्द मी त्यांना दिलाय, आज तुलाही देते. पण तोपर्यंत गाडी माझी आहे. चोरटा ब्रेक नको."

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. मग आणखी दोघांनी. चढावर मध्येच उभी राहिलेली शिकवायची गाडी म्हटल्यावर लोकांना वाटलं असेल, बिचारं कुणीतरी शिकतंय.

बाईंनी पदराने नाक पुसलं. मग चपला काढल्या. आणि दोन्ही पाय वर घेऊन त्या सीटवर चक्क मांडी घालून बसल्या.

"हे काय?"

"हा पाय खाली असला की माझं ऐकत नाही," बाई म्हणाल्या. "कोंडून ठेवते त्याला. चल, घे गाडी."

चिमणी रडत रडत हसली, आणि गाडी इंचभरही मागे न जाऊ देता तिने वर काढली.

त्या दिवसापासून बाईंनी लेकीसमोर पाय खाली सोडला नाही. शिकवताना सोडावाच लागे, ते वेगळं. पण लेकीच्या बरोबर असल्या की मांडी. डॉक्टरांच्या खोलीत मांडी, रक्त तपासायच्या रांगेतल्या बाकावर मांडी. नर्स म्हणायच्या, "मावशी, पाय खाली घ्या, लोक अडखळतात." बाई म्हणायच्या, "चपलांना अडखळतात, पायांना नाही."

आता त्या प्रश्न विचारायच्या, पण उघड. डॉक्टरांना तोंडावर विचारायच्या, "नक्की उतार आहे ना? मला खोटं सांगू नका हं." आणि डॉक्टरही त्यांना एमआरआयचं चित्र दाखवून, बोट ठेवून सांगायच्या, ही भिंत, हे अस्तर, हे बघा इथे काही नाही. बाईंना त्यातलं निम्मं कळायचं. पण लपवाछपवी नाही एवढं कळायचं, आणि त्यानेच थोडी झोप लागायला लागली.

पुढच्या तपासणीनंतर निकाल घ्यायला गेले तेव्हा डॉक्टरांनी आधी चिमणीला आत बोलावलं. दोघं नवराबायको आत गेली. बाई बोळातल्या बाकावर मांडी ठोकून बसल्या, आणि बसल्याच. समोरच्या दारावरचा पांढरा रंग कुठे कुठे उडालाय ते त्यांना पाठ झालं.

दार उघडलं. चिमणी बाहेर आली, पाठोपाठ जावई. ती काही सांगणार, तोच मागून डॉक्टर म्हणाल्या, "नाहीये. तुकड्यात कुठेही आजार नाही."

बाई ताडकन उठायला गेल्या. पण इतका वेळ मांडीत कोंडलेल्या पायांना मुंग्या आलेल्या. त्या सरळ जावयांच्या अंगावर कोसळल्या, जावई भिंतीवर, आणि तिघंही त्या बोळात एकमेकांना धरून हसत-रडत राहिली. बाकांवरच्या मंडळींपैकी कुणीतरी टाळ्या वाजवल्या. कुणाचं काय, माहीत नसताना वाजवल्या!

डॉक्टरांनी आणखी एकदा खात्री करून घेतली. पुन्हा काही नाही. मग त्यांनी साधन काढलं आणि म्हणाल्या, आता दवडू नका. वंध्यत्वाच्या डॉक्टरांच्या मदतीने गर्भ बाहेर तयार करून आत सोडायचा होता. पहिला टिकला नाही. त्या आठवड्यात चिमणी चढावर गेली नाही, खोलीतून बाहेरही आली नाही. बाईंच्या ओठांवर "पुरे आता" आलेलं. त्यांनी ते गिळलं. लेकीच्या खोलीत गेल्या, पलंगावर तिच्या शेजारी मांडी घालून बसल्या आणि विचारलं, "पुढे काय करायचं? तू सांग."

"अजून एकदा," चिमणी उशीत तोंड खुपसून म्हणाली.

"बरं. मग उठ, चढावर जाऊ."

त्या दिवशी बाई न थांबता वरपर्यंत गेल्या. दुसरा गर्भ टिकला.

पोट वाढत गेलं तसा जावईबापूंना वेगळाच चेव चढला. बाप होणाऱ्या माणसाला गाडी यायला नको का? चौथ्यांदा नापास झाले. पाचव्यांदा पास झाले, आणि बारसं असल्यासारखी त्यांनी अख्ख्या ग्रंथालयाला मिठाई वाटली.

आणि मग एका सकाळी, ऐन शाळा-ऑफिसच्या गर्दीच्या वेळी, चिमणीच्या पोटात कळा सुरू झाल्या. भाड्याची गाडी मिळेना. "मी नेते," म्हणत बाईंनी किल्ली उचलली, पण किल्ली काही केल्या कुलपात जाईना. दोनदा खाली पडली.

"त्याला दे," चिमणी मागच्या सीटवर आडवी होत म्हणाली.

"कुणाला?"

"त्याला! आहे ना लायसन!"

जावईबापू स्टिअरिंगवर बसले. बाई आपल्या जुन्या सीटवर, पायाशी दुसरा ब्रेक. निघाले. मागून लेक कळांच्या मधल्या मधल्या वेळात ओरडतेय, "दुसऱ्यावर ये! आरसा बघ! अरे आई गं... क्लच पूर्ण दाब!" जावई घामाने थबथबलेले, पण हात सरळ.

हॉस्पिटलचा जवळचा रस्ता टाकीच्या चढावरूनच. अर्धा चढ चढले आणि पुढे शाळेची बस थांबली. जावयांनाही थांबावं लागलं. मागे एक स्कूटर येऊन अगदी चिकटून उभी राहिली. बसच्या मागच्या काचेतून चार पोरं नाकं चपटी करून यांच्याकडे बघत होती.

बाईंचा उजवा पाय मांडीतून सुटायला बघत होता. खाली दोन वितींवर ब्रेक. हळूच टेकवला तर कुणाला कळणार? मागे लेक, लेकीच्या पोटात लेकरू, पुढे बस, आणि गाडी चालवतोय कोण, तर चारदा नापास झालेला ग्रंथपाल! बाईंनी दोन्ही हातांनी आपल्या पायाचा अंगठा गच्च पकडला आणि डोळे मिटले नाहीत. मिटले असते तर सोपं गेलं असतं. पण त्या समोर बघत राहिल्या.

"हँडब्रेक ओढलाय," जावई स्वतःशीच पुटपुटले. "क्लच अर्धा. आता थोडा गॅस. थोडा अजून." बस हलली. त्यांनी हँडब्रेक सोडला. गाडी एकदा थरथरली आणि पुढे सरकली. मागे नाही. जरासुद्धा नाही.

"पास!" मागून चिमणी किंचाळली, आणि पुढची कळ आली.

संध्याकाळच्या आत मुलगी झाली. तीही मूठभर. बाई दवाखान्यातल्या पलंगाच्या कडेला मांडी घालून बसल्या होत्याच, नर्सने आयतं तिथे बाळ ठेवलं. बाईंना इतका आनंद झाला की कुणाला काय सांगावं कळेना. त्यांनी बाळाला सांगितलं, "तुझ्या आईने आणलं हं तुला. मी नाही. मी तर नकोच म्हणत होते." जावयांनी हे ऐकलं आणि ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

बाळ बसायला लागेपर्यंत चिमणीच्या तपासण्या होतच राहिल्या. सगळ्या स्वच्छ. अस्तर स्वच्छ, भिंत स्वच्छ. बाईंना तर वाटायला लागलं होतं, कशाला आता काढायचं? इतकी साथ दिलेलं गर्भाशय! आणि असं वाटलं याचाच त्यांना अचंबा वाटला. बोलल्या मात्र नाहीत. आता गाडी कुणाची ते त्यांना माहीत होतं.

एका दुपारी स्कूलच्या खोलीत त्या बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बाळ टेबलावरच्या जुन्या स्टिअरिंगला दोन्ही हातांनी थापट्या मारत होतं. चिमणी आत आली, समोर बसली आणि टेबलावरचा फोन आईपुढे सरकवला.

"आई, आता ब्रेक."

बाईंना क्षणभर कळलंच नाही. मग कळलं.

"शब्द दिला होता तुला. डॉक्टरांशी बोलले मी. आता काहीच नाहीये, म्हणूनच आत्ता. परत यायची वाट बघायची नाही." चिमणीचे डोळे भरले होते, पण आवाज हलत नव्हता. "मला हिला मोठी होताना बघायचंय. ही अठराची झाली की हिला गाडी कोण शिकवणार? तू? हिच्याकडूनही कुणाची तरी स्कूटर मोडवशील."

"फोन मी करू?"

"तूच कर. मागच्या वेळी माझ्यासाठी तारीख मागितलीस ना? आता माझ्या सांगण्यावरून माग."

ज्या तारखेसाठी बाई एकदा खोटं बोलल्या होत्या, ती आज लेक आपणहून त्यांच्या हातात देत होती, आणि आता ती बाईंनाच नकोशी वाटत होती. त्यांनी बाळाला एका हाताने सावरलं आणि नंबर फिरवला. पलीकडे त्याच तारखा देणाऱ्या बाई. त्यांनी नाव, नंबर लिहून घेतला आणि मग जरा थांबून, सावध आवाजात विचारलं, "कोण बोलतंय? स्वतः पेशंटच ना?"

बाईंनी लेकीकडे पाहिलं. मग ताठ बसल्या.

"नाही," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "मी तिची आई बोलतेय. तिनेच सांगितलंय. ती समोर बसलीय, हवं तर विचारा."